साक्षीला बोलावणे आले असता
(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीच्या सत्रातील भाषण)



आपल्या संमेलनातील या सत्रात शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि वधूवर-सूचक मंडळ यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा दिवाणी दाव्यातील साक्षीदाराची कर्तव्ये हा विषय मी त्यांना सांगितला. ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी छटा उमटली ती माझ्या नजरेतून सुटली नाही. विषय रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्यांनी आजवर कोणाच्याही मृत्युपत्रावर, वाटणीपत्रावर, बक्षीसपत्रावर किंवा हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेली नाही, असे प्रौढ गृहस्थ या मंडपात बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. आणि त्या सहीने आपण स्वतःला कशात गुंतवून घेतले हे सही करतेवेळी ज्यांना ठाऊक होते, असे तर त्याहूनही थोडे.

मी वकील नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकी पेशात शिरलो तो सेवानिवृत्तीपर्यंत त्यातच राहिलो. तथापि शाळेचे जनरल रजिस्टर काखेत घेऊन दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या मी अनेक वेळा चढलो आहे, आणि व्हरांड्यातील बाकावर पुकाऱ्याची वाट पाहत घालविलेल्या त्या तासांनी मला पुष्कळ शिकविले. आज मी जे सांगणार आहे त्यातील कायद्याचा भाग एका जाणत्या वकिलांकडून तपासून घेतला आहे. उरलेला भाग अनुभवाचा आहे.

साक्षी या शब्दाचा अर्थ पाणिनीने स्वच्छ सांगून ठेवला आहे : साक्षात् पाहणारा. ज्याने ऐकले तो नव्हे, ज्याला वाटते तोही नव्हे. ज्याने स्वतः पाहिले तो. आपल्या स्मृतिकारांनी या पाहणाऱ्यावर फार कडक बंधने घातली होती. आजारी नसताना जो कर्जाच्या वादात तीन पक्षांच्या आत साक्ष देणार नाही, त्याने ते सर्व कर्ज फेडावे व वर दहावा हिस्सा दंड द्यावा, असे मनूचे वचन आहे. याज्ञवल्क्य आणखी एक पाऊल पुढे जातो. जो जाणत असूनही साक्ष देत नाही, त्याचे पाप आणि त्याचा दंड खोट्या साक्षीदाराइतकाच, असे तो म्हणतो. ज्या मिताक्षरेप्रमाणे आपल्या वाडवडिलांच्या वाटण्या झाल्या, ती मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरीलच टीका होय. आपण त्या ग्रंथातून वडिलार्जित मिळकतीचा आपला वाटा तेवढा उचलला आणि साक्षीदाराचे प्रकरण तसेच ठेवून दिले! मराठेशाहीतही वतनाचा तंटा गोतसभेपुढे उभा राहिला की महजर होई, आणि त्यावर जमलेल्या मंडळींची नावे व निशाण्या घालीत. पाटलाची निशाणी नांगर. ज्याचा नांगर कागदावर उमटला, त्याला पुढे 'मला काही ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय राहत नसे.

आज हा सर्व व्यवहार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने चालतो. पुराव्याचा १८७२ चा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे क्रमांक बदलले, पण साक्षीदाराच्या बाबतीतील मूळ तत्त्वे बहुतांशी तीच राहिली आहेत. त्यातले पहिले तत्त्व आपल्या लोकांच्या मनात मुळीच उतरलेले नाही, असे माझे निरीक्षण आहे. 'तो वादीचा साक्षीदार', 'हा प्रतिवादीचा साक्षीदार' असे आपण सर्रास बोलतो. वकीलही बोलतात. परंतु समन्स हातात आल्यावर तो कागद नीट पाहावा. त्यावर शिक्का न्यायालयाचा असतो. वादीचाही नसतो आणि प्रतिवादीचाही नसतो. पक्षकार अर्ज करतो, साक्षीदाराच्या खर्चाची रक्कम न्यायालयात भरतो, एवढाच त्याचा संबंध. बोलावतो तो न्यायाधीश. साक्षीदार एकदा पिंजऱ्यात उभा राहिला की तो कोणाचाही नसतो. ज्याने त्याचे नाव यादीत घातले, त्याच्या दाव्याला त्याच्या खऱ्या उत्तराने धक्का बसला, तर त्यात साक्षीदाराकडून कोणताही विश्वासघात झालेला नसतो.

समन्स चुकविण्याचे नाना प्रकार मी पाहिले आहेत. बेलिफ दारात आला की घरधनी परसदारी जातो, आणि मुलाकडून 'बाबा गावाला गेले आहेत' असे सांगविले जाते. बाबांच्या वतीने पहिली खोटी साक्ष त्या मुलाने दारातच दिली, याचे कोणाला काही वाटत नाही. शिक्षक म्हणून मला त्याचे फार वाटते. आणि याचा उपयोगही होत नाही. समन्स घेण्याचे नाकारले अथवा माणूस सापडला नाही, तर ते दारावर चिकटविता येते. योग्य कारणावाचून गैरहजर राहिल्यास न्यायालय उद्घोषणा लावू शकते, पकड वॉरंट काढू शकते, मिळकतीवर जप्ती आणू शकते, आणि संहितेच्या ३२ व्या कलमाप्रमाणे ५००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. पूर्वी ही मर्यादा ५०० रुपयांची होती. असे प्रसंग प्रत्यक्षात क्वचित येतात, हे खरे. पण आपल्या गैरहजेरीने पुढची तारीख पडते, त्याच्या पुढची पडते, आणि ज्या विधवेचे किंवा अज्ञान मुलाचे घर त्या दाव्यात अडकलेले असते, तिच्या आयुष्याची दोन वर्षे आपल्या परसदारातून निघून जातात.

याउलट साक्षीदारालाही काही अधिकार आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळेच पुष्कळजण विनाकारण भितात. जाण्यायेण्याचा व एका दिवसाच्या राहण्याखाण्याचा वाजवी खर्च त्याला मिळाला पाहिजे. तयारीला आणि प्रवासाला पुरेल इतका अवधी ठेवूनच समन्स बजावले गेले पाहिजे. न्यायालयाच्या हद्दीबाहेर शंभर किलोमीटर किंवा त्याहून दूर राहणाऱ्यास जातीने हजर राहण्याची सक्ती सामान्यतः करता येत नाही. मात्र वाटेचा सहा भागांपैकी पाच भाग रेल्वेने किंवा नियमित सार्वजनिक वाहनाने होण्याजोगा असेल तर ही मर्यादा पाचशे किलोमीटरपर्यंत जाते, आणि विमानाचे भाडे दिले तर त्याही पलीकडून बोलावता येते. पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी 'गाव लांब आहे' ही सबब या हिशेबात घालून पाहावी. समन्सप्रमाणे न्यायालयात जाताना, तेथे असताना आणि परत येताना साक्षीदाराला दिवाणी हुकमाखाली अटक करता येत नाही. केवळ कागद हजर करण्यापुरतेच समन्स असेल, तर तो कागद दुसऱ्याच्या हाती पाठविला तरी चालतो. यातील काही गोष्टी समन्सवरच लिहिलेल्या असतात, म्हणून तो कागद आधी पूर्ण वाचावा. आपण लग्नपत्रिका पूर्ण वाचतो, समन्स मात्र वाचत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एक दिवस हजर झालो, नाव पुकारले गेले नाही, म्हणून घरी निघून आलो, असे चालत नाही. न्यायालयाने मोकळीक देईपर्यंत पुढच्या तारखांना हजर राहणे हे साक्षीदाराचे कर्तव्यच आहे. कंटाळवाणे आहे, पण आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो. आपल्यापैकी बहुतेकांना साक्षीचे बोलावणे रस्त्यावर घडलेल्या एखाद्या प्रसंगामुळे येत नाही. ते येते ते आपणच पूर्वी केव्हातरी केलेल्या एका सहीमुळे. शेजारचे अण्णा आजारी आहेत, वकील आलेले आहेत, घरातून हाक येते, 'काका, जरा साक्षीला या'. काका पंचाच्या गाठीवर उपरणे टाकून जातात, दाखविलेल्या जागी सही करतात, चहा घेऊन परत येतात. त्या सहीचा अर्थ भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या ६३ व्या कलमात आहे. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा 'ही सही माझी' अशी कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी. आणि प्रत्येकाने आपली सही त्याच्या समक्ष केलेली असावी. पुढे ते मृत्युपत्र न्यायालयात आले, तर त्या साक्षीदारांपैकी निदान एकजण, तो हयात व बोलण्यास समर्थ असल्यास, साक्षीला यावा लागतो. त्यावाचून तो कागद पुरावा म्हणून वापरताच येत नाही. म्हणजे काकांनी चहाच्या आधी जी सही केली, ती पुढे दहा-वीस वर्षांनी न्यायाधीशापुढे उभे राहण्याची हमी होती.

म्हणून अशा कागदावर सही करण्यापूर्वीच साक्षीदाराचे कर्तव्य सुरू होते, असे मी समजतो. जो मनुष्य आपल्यासमोर सही करीत नाही, किंवा सही आपली असल्याचे आपल्याजवळ सांगत नाही, त्याच्या कागदावर कोणाच्याही भिडेने सही करू नये. 'वर सही झालेली आहे, तुम्ही फक्त खाली करा' असे सांगणारा गृहस्थ कितीही सज्जन असला तरी करू नये. मजकूर वाचण्याची साक्षीदारावर सक्ती नाही; आपण सही पाहिली याची साक्ष देतो, मजकुराची नव्हे. न्यायालयात 'मजकूर मी वाचला नव्हता' असे सरळ सांगण्यात काही कमीपणा नाही. मात्र माणूस शुद्धीवर होता काय, बोलत होता काय, खोलीत आणखी कोण होते, हे त्याच रात्री आपल्या रोजनिशीत तारखेसह टिपून ठेवावे. अशा वेळच्या वेळी केलेल्या टिपणावरून साक्षीच्या वेळी स्मरण ताजे करण्यास कायदा परवानगी देतो. वकिलाने आदल्या संध्याकाळी पढविलेल्या उत्तरांना ती परवानगी नाही.

मृत्युपत्राच्या जबाबदारीने माणसाला किती काळ धरून ठेवावे, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८९७ साली बाबामहाराज पंडित वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे जे विश्वस्त नेमले गेले त्यांत लोकमान्य टिळक होते. पुढे दत्तकाचा वाद निघाला. १९०१ साली औरंगाबादेस झालेल्या दत्तविधानाच्या संदर्भात खोटी साक्ष दिल्याचा आरोप खुद्द टिळकांवर आला. १९०३ साली खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, ती १९०४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि मिळकतीच्या वादाचा अखेरचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलाकडून टिळकांच्या बाजूने १९१५ साली लागला. अठरा वर्षे! मंडालेचा तुरुंगवासही त्याच काळात येऊन गेला. मृत मित्राला दिलेला शब्द त्यांनी मध्येच टाकला नाही. आपल्याला दोन तारखा जड जातात.

यापुढचा भाग काहींना रुचणार नाही, तरी तो बोलणे मला भाग आहे. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला जन्मतः मुलाबरोबरीने सहदायादाचा हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची जरुरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हापासून बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेण्याची घाई घरोघर दिसते. दिवाळीला माहेरी आलेली बहीण, गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलेली, आणि साक्षीला आपणच : एक मामा, एक शेजारी, एखादा निवृत्त मास्तर. बहिणीने समजून-उमजून, आपखुशीने हक्क सोडला असेल तर तो तिचा अधिकार आहे; त्यावर मी बोलणारा कोण? परंतु 'सही कर, कर्जासाठी लागते' असे तिला सांगितलेले आपण आपल्या कानांनी ऐकले असेल, तर उद्या ती न्यायालयात गेल्यावर ते वाक्य सांगण्याचे कर्तव्य आपल्यावर येते. तेथे भावाची ओसरी, ज्ञातीचे नाव आणि पुढच्या लग्नातील पंक्ती हे सारे आठवू लागते. साक्षीदाराची खरी परीक्षा होते ती या ठिकाणी. वकिलाची उलटतपासणी त्यामानाने सोपी.

ज्ञातीने साक्षीदाराच्या तोंडावर हात ठेवण्याचा प्रकार नवा नाही. मुंबईच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे, आणि ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरच ते सांगितले गेले पाहिजे. करसनदास मुळजी हे गुजराती सुधारक. त्यांनी आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात १८६० साली वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या आचरणावर कठोर लेख लिहिला. यदुनाथजी महाराजांनी १८६१ साली त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा अब्रुनुकसानीचा दावा मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात लावला. हा दिवाणी दावाच होता, हे ध्यानात घ्या. दावा उभा राहताच भाटिया ज्ञातीच्या काही शेठ मंडळींनी सभा भरवून ठरविले की, ज्ञातीतील कोणीही महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये. देईल त्याला ज्ञातिबाह्य करावे. करसनदासांनी हे प्रकरणही न्यायालयात नेले. न्यायाच्या कामात अडथळा आणण्याचा कट केल्याबद्दल त्या शेठ मंडळींना दोषी ठरवून दंड झाला. भाटिया कट खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे.

त्यानंतर १८६२ च्या जानेवारीत मुख्य दावा चालला. ज्या ज्ञातीने तोंडे बंद करण्याचा ठराव केला होता, त्याच ज्ञातीतील लखमीदास खीमजी आणि मथुरादास लवजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. आपल्या मराठी मंडळींपैकी डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीही त्या दाव्यात वैद्य म्हणून साक्ष दिली. श्रीमंत आणि वजनदार घराण्यांत ज्यांचा व्यवसाय चालतो, अशा डॉक्टराला अशी साक्ष किती महाग पडू शकते, याची कल्पना आपण करू शकतो. पक्षकार आणि त्याचा वकील यांच्यातील बोलणे कायदा झाकून ठेवतो, पतिपत्नींमधील खाजगी बोलणेही सामान्यतः झाकतो; वैद्य आणि रोगी यांच्या बाबतीत तसे संरक्षण आपल्या साक्षीच्या कायद्यात नाही. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला, आणि मुख्य मुद्द्यावर तो करसनदासांच्या बाजूने गेला. लेख लिहिणारा एक होता. पण लेखातील शब्द खरे ठरविले ते साक्षीदारांनी.

ज्ञातिबाह्य करण्याच्या धमकीला आता महाराष्ट्रात स्वतंत्र कायद्याचे उत्तर आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा अधिनियम २०१७ पासून अमलात आला असून बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या संस्थेने असा ठराव कधी केलेला नाही, याचा मला अभिमान आहे. परंतु ठराव न करता, नुसते हळदीकुंकवाला न बोलावून जे साधले जाते, त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नसते. भगिनींनी यावर विचार करावा अशी माझी विनंती आहे. दुसरी विनंती पुरुषांना. वाटणीच्या दाव्यात घरातील भांडी कोणी उचलली, चूल कधी वेगळी झाली, सासूचे दागिने कोणाच्या पेटीत होते, हे घरच्या स्त्रियांना जितके नेमके ठाऊक असते तितके कोणालाच नसते. तरीही 'बायकांना कोर्टात कशाला' म्हणून आपण त्यांना मागे ठेवतो. रूढीने पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना जातीने हजर राहण्यापासून संहितेने सूट दिली आहे. आपल्यात तशी रूढी नाही, हे आपण इतरत्र मोठ्या अभिमानाने सांगतो.

प्रत्यक्ष साक्षीविषयी आता थोडेसे. २००२ पासून सरतपासणी बहुधा प्रतिज्ञापत्रावर होते. वकिलाने टंकलिखित करून आणलेला कागद पुढे येतो आणि साक्षीदार सही करतो. तेथे माझे सांगणे एवढेच की, त्या कागदातील प्रत्येक वाक्य आपले आहे ना हे पाहावे, कारण उलटतपासणी वकिलाची होत नाही, आपली होते. ईश्वराची शपथ घेण्यास मन तयार नसेल त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा घेता येते. दोहोंचे बंधन सारखेच. न्यायालयीन कामात जाणूनबुजून दिलेल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितलेला आहे. स्वतःला दोष लागेल म्हणून प्रश्नाचे उत्तर टाळण्याची मुभा साक्षीदाराला नाही. पण न्यायालयाने सक्तीने घेतलेले असे उत्तर, खोट्या साक्षीचा खटला सोडून, फौजदारी कामात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. केवळ अपमान करण्यासाठी किंवा चिडविण्यासाठी विचारलेला प्रश्न रोखणे हे न्यायाधीशाचे काम आहे. ते त्यांच्यावर सोपवावे, आपण वकिलाशी भांडू नये.

व्याकरणाचा शिक्षक या नात्याने एक गोष्ट मात्र मला अधिकाराने सांगता येईल. आपल्या भाषेत 'होता', 'असेल', 'असावा' अशी क्रियापदे आहेत आणि 'म्हणे' असा एक फार सोयीचा शब्द आहे. 'तो त्या दिवशी गावात होता', 'असेल', 'असावा', 'होता म्हणे' ही चार वाक्ये कट्ट्यावर एकच. न्यायालयात ती चार निरनिराळी माणसे बोलतात. पहिल्याने पाहिले आहे, दुसऱ्याला नक्की ठाऊक नाही, तिसरा तर्क करतो आहे आणि चौथ्याने ऐकले आहे. साक्ष पहिल्याचीच. नात्यागोत्याविषयी, वाद निघण्यापूर्वी, आता हयात नसलेल्या जाणत्या माणसांनी केलेल्या विधानांना कायदा काही मर्यादेत जागा देतो. पण ती कोणाला द्यायची हे न्यायाधीश ठरवील. आपण 'म्हणे' असेल तेथे 'म्हणे' म्हणावे. तसेच 'माहीत नाही' आणि 'आठवत नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. जे कधी ठाऊकच नव्हते, त्याला 'आठवत नाही' म्हटले की वकील पुढचे दहा प्रश्न विचारतो, आणि ते त्याने विचारलेच पाहिजेत.

जनरल रजिस्टर घेऊन मी गेलो तेव्हाचा एक प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. खरेदीखत करतेवेळी लिहून देणारा अज्ञान होता की सज्ञान, एवढाच वाद होता. रजिस्टरात त्याची जन्मतारीख १ जून अशी होती. आपल्या पिढीतील किती लोकांचे वाढदिवस १ जूनला येतात हे आपण जाणताच. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, पालकांना तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी अंगाखांद्यावरून वय ठरवून १ जून लिहून टाकीत! वकिलांनी मला विचारले, 'गुरुजी, ही तारीख खरी ना?' मी सांगितले की, ही तारीख रजिस्टरात आहे एवढे मी सांगू शकतो. नोंद माझ्या नेमणुकीच्या आधीची आहे, अक्षर माझे नाही, आणि तारीख कोणी सांगितली याची नोंद त्यात नाही. ज्यांनी मला बोलावले होते ते गृहस्थ बाहेर आल्यावर म्हणाले, 'एवढे बोलायची काय जरुरी होती?' पण अशा नोंदीमागे माहिती देणाऱ्या माणसाचा आधार नसेल तर तिला फारसे मोल नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ साली सांगितलेले आहे. मला तो निर्णय त्या वेळी ठाऊक नव्हता. ठाऊक असण्याची जरुरीही नव्हती, कारण मी कायदा सांगायला गेलो नव्हतो, वही दाखवायला गेलो होतो.

जबानी संपली की ती नीट ऐकावी किंवा वाचावी, मगच सही करावी. आपण मराठीत बोललो आणि ती इंग्रजीत नोंदली गेली, व ती भाषा आपल्याला कळत नसेल, तर नोंदलेला मजकूर मराठीत समजावून मिळाला पाहिजे, असा संहितेचाच नियम आहे. तो मागण्यात उद्धटपणा नाही. आजारी किंवा जर्जर झालेल्या वृद्धांसाठी आयुक्त नेमून घरीच जबानी घेण्याची सोय आहे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांच्या साक्षी केवळ ही सोय ठाऊक नसल्यामुळे त्यांच्याबरोबरच गेल्या.

शेवटी आपल्या संस्थेपुरते एक. आपल्या कार्यालयात विवाहांची व घराण्यांच्या वंशावळींची जुनी वही आहे. वारसाच्या वादात ती हजर करण्यासाठी उद्या चिटणीसांना समन्स येऊ शकते. ती सरकारी दप्तरातील वही नाही. तिच्यातील नोंद कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून केली, हे कोणीतरी येऊन सांगावे लागेल. मी ती चाळून पाहिली. पुष्कळ नोंदींखाली सही नाही, काही ठिकाणी खाडाखोड आहे, आणि एका पानावर नाव खोडून त्यावर दुसरे लिहिलेले आहे. यापुढे प्रत्येक नोंदीखाली माहिती देणाऱ्याची व लिहिणाऱ्याची सही आणि तारीख घ्यावी, दुरुस्ती केल्यास जुने नाव वाचता येईल अशा रीतीने एकच रेघ मारून तेथे सही करावी, आणि वही कुलपात ठेवावी, अशी लेखी सूचना मी चिटणीसांच्या हाती देत आहे. ती कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत विचारासाठी ठेवावी.